कोणती मुले, कोणती भाषा, कोणता काळ? : किशोरवयाच्या मापनाचा इतिहास

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• किशोरावस्था ही संकल्पना कशी घडली हे सांगता येईल.
• बिने-कामत चाचणीच्या आधारे प्रमाणीकरण, प्रमाणके, विश्वसनीयता व सप्रमाणता या संज्ञा स्पष्ट करता येतील.
• किशोरवयीन मुलांविषयीचा एखादा आकडा समोर आल्यावर त्याला योग्य प्रश्न विचारता येतील.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, किशोरवयाविषयी आपण जी विधाने वाचतो त्यांतली बरीच आकड्यांत असतात. इतक्या टक्के मुलांना मानसिक त्रास आहे, अमुक मुलाचा बुद्धिगुणांक ७५ आहे, वगैरे. आकडा छापला गेला की तो आपल्याला निसर्गनियमासारखा वाटू लागतो. पण प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी तयार केलेले साधन असते, कोणत्या तरी भाषेतले प्रश्न असतात आणि कोणत्या तरी काळी त्या प्रश्नांना उत्तरे देणारी मुले असतात. या पाठाचा मुद्दा एवढाच आहे : आकडा स्वीकारण्यापूर्वी 'कोणती मुले, कोणती भाषा, कोणता काळ' हे तीन प्रश्न विचारायचे. हे प्रश्न परीक्षेपुरते नाहीत. त्यांच्या उत्तरांवर एखाद्या मुलाला सवलत मिळते की नाही, त्याच्या कपाळी कोणता शिक्का बसतो, हे ठरते.

हे समजून घेण्यासाठी आपण मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी तयार झालेल्या एका चाचणीचा इतिहास पाहू, आणि मग बंगळूरजवळच्या होसकोटे येथे आज अभ्यास करायचा झाला तर तो कसा आखावा याचा विचार करू.

२. 'वयात येणे' आणि 'किशोरावस्था'

मराठीत 'वयात येणे' हा शब्दप्रयोग जुना आहे. मुलाला मिसरूड फुटते, मुलगी 'मोठी होते', आणि उलट उत्तरे देणाऱ्या मुलाला 'शिंगे फुटली' असे आपण म्हणतो. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला मित्राप्रमाणे वागवावे असे सांगणारे संस्कृत सुभाषितही तुम्ही ऐकले असेल. म्हणजे शरीरातला आणि वागण्यातला बदल आपल्या समाजाला ठाऊक होताच. पण बदल ठाऊक असणे आणि बालपण व प्रौढपण यांच्या मध्ये एक स्वतंत्र, अनेक वर्षांची अवस्था मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राकडे पाहा. मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. पुढे त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला आणि १८८४ मध्ये मुंबईत त्यांच्याविरुद्ध खटला दाखल झाला. त्या काळच्या वादातून १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीचे संमतिवय १० वरून १२ झाले. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलींसाठी १४ आणि मुलांसाठी १८ ठरवले. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ आणि २१ झाले. या तीन तारखा एका ओळीत ठेवून पाहिल्या की लक्षात येते : विवाह पुढे सरकला, शाळा लांबली, आणि मध्ये एक मोकळी जागा तयार झाली. आज आपण जिला किशोरावस्था म्हणतो तिला राहायला जागा मिळाली ती अशी. ती सगळ्यांना सारखी मिळाली नाही. मुलगे आणि मुली, शहर आणि खेडे, शिकणारी मुले आणि लवकर कामाला लागलेली मुले यांच्यात अंतर राहिले.

पाश्चात्त्य देशांत या अवस्थेचा शास्त्रीय अभ्यास सुरू करण्याचे श्रेय साधारणपणे जी. स्टॅन्ले हॉल यांना दिले जाते. १९०४ मध्ये त्यांनी किशोरावस्थेवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे वय 'वादळ आणि ताण' यांचे असते, हे त्यांचे मत फार गाजले. हॉल यांची माहिती मुख्यतः प्रश्नावल्यांतून आलेली होती. हे वादळ सर्व समाजांत येते का, हे तपासण्यासाठी मार्गारेट मीड १९२५ मध्ये सामोआ बेटांवर गेल्या. तेथील मुलींमध्ये राहून, निरीक्षण व मुलाखती करून त्यांनी १९२८ मध्ये निष्कर्ष मांडला की तिथे हे वय बरेच शांतपणे पार पडते. १९८३ मध्ये डेरेक फ्रीमन यांनी या निष्कर्षावर जोरदार टीका केली, आणि त्या टीकेवरही टीका झाली. आपल्यासाठी धडा असा की प्रश्नावलीने एक चित्र दिले, सहभागी निरीक्षणाने दुसरे. साधन बदलले आणि दिसणारे मूलही बदलले.

भारतात बडोदे येथील टी. एस. सरस्वती यांनी १९९९ मध्ये हाच प्रश्न आपल्या समाजाला लावला : जिथे मूल लहानपणापासून घरकामात, शेतात, धाकट्या भावंडांना सांभाळण्यात सहभागी असते, तिथे बालपण आणि प्रौढपण सलग असतात, मग किशोरावस्था ही सर्वांसाठीची वस्तुस्थिती मानायची की काही वर्गांत नव्याने उगवणारी गोष्ट? हा प्रश्न मनात ठेवूनच पुढचा इतिहास वाचा.

३. बिने यांची श्रेणी आणि कामत यांचे रूपांतर

१९०४ मध्ये फ्रान्स सरकारने शाळेत मागे पडणाऱ्या मुलांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. त्या कामातून आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची श्रेणी तयार केली. १९०८ मध्ये तिचे प्रश्न वयानुसार लावले गेले आणि 'मानसिक वय' ही कल्पना पुढे आली. कोणत्या मुलाला जादा मदत हवी हे ओळखणे हा बिने यांचा हेतू होता. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी ठरावीक मात्रा आहे, हे मत त्यांना मान्य नव्हते. अमेरिकेत ल्यूइस टर्मन यांनी १९१६ मध्ये या श्रेणीची 'स्टॅनफर्ड-बिने' ही सुधारित आवृत्ती काढली आणि तिच्याबरोबर बुद्धिगुणांक हा शब्द जगभर गेला.

भारतात त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्राचे शिक्षण व प्रयोगशाळा सुरू झाली. लाहोर येथे सी. एच. राइस यांनी हिंदुस्थानीत बिने श्रेणीचे रूपांतर केले. ते १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९३४ मध्ये व्ही. व्ही. कामत यांचा लेख ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला. त्याचा विषय होता कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने श्रेणीची सुधारित आवृत्ती. पुढे भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. 'बिने-कामत चाचणी' म्हणून हे साधन देशभर पसरले आणि अनेक ठिकाणी आजही वापरले जाते.

कन्नड आणि मराठी या दोनच भाषा का? त्या काळचा नकाशा आठवा. धारवाड, बेळगाव, विजापूर हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते आणि १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच राहिले. एकाच शिक्षण खात्याखाली दोन्ही भाषांच्या शाळा चालत. म्हणजे चाचणीच्या भाषा ठरल्या त्या मानसशास्त्राने नव्हे, प्रशासनाच्या नकाशाने.

आता रूपांतर म्हणजे नुसते भाषांतर नव्हे, हे नीट समजून घ्या. पुढील उदाहरणे विचारासाठी आहेत.

• शब्दसंग्रह : इंग्रजीतला एखादा शब्द बारा वर्षांच्या मुलाला अवघड जातो. त्याचा मराठी प्रतिशब्द रोजच्या बोलण्यातला असू शकतो आणि कन्नड प्रतिशब्द केवळ पुस्तकी. एकच प्रश्न तीन भाषांत तीन वेगळ्या वयांचा होतो.
• उलटे आकडे : 'वीसपासून एकपर्यंत उलटे म्हणा' हे काम सगळ्या भाषांत सारखे नसते. 'एकोणीस' या शब्दात 'नऊ' ऐकू येत नाही, त्यामुळे मराठी मुलाला तो स्वतंत्रपणे लक्षात ठेवावा लागतो.
• नाणी : १९३४ च्या मुलाला रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे तोंडपाठ होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. हिशेबाचा जुना प्रश्न त्या दिवसापासून बुद्धीचा न राहता इतिहासाचा झाला.

म्हणून रूपांतर करणाऱ्याला प्रश्न बदलावे लागतात, ते मुलांवर वापरून पाहावे लागतात आणि कोणत्या वयाची बहुसंख्य मुले तो प्रश्न सोडवतात हे पुन्हा ठरवावे लागते. या सगळ्या खटाटोपाला *प्रमाणीकरण* म्हणतात. त्यातून मिळणारे तुलनेचे कोष्टक म्हणजे *प्रमाणके*. पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर येते का, हा *विश्वसनीयतेचा* प्रश्न. जे मोजायचे म्हणतो तेच मोजले जाते का, हा *सप्रमाणतेचा* प्रश्न. वजनकाटा दर वेळी दोन किलो जास्त दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही.

४. बुद्धिगुणांकाचे गणित किशोरवयात का अडखळते?

जुन्या पद्धतीत बुद्धिगुणांक असा काढत : मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले १००. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा असेल तर बुद्धिगुणांक ७५. सोळा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय बारा असेल तरी तो ७५ च. पहिल्यात दोन वर्षांचे अंतर आहे, दुसऱ्यात चार वर्षांचे. आकडा मात्र तोच.

यापुढची अडचण मोठी आहे. उंचीसारखीच अशा चाचण्यांवरची वाढही किशोरवयाच्या उत्तरार्धात मंदावते. विसाव्या वर्षी मूल सोळाव्या वर्षापेक्षा दरवर्षी एक 'मानसिक वर्ष' पुढे जात नाही. समजा, वीस वर्षांच्या सामान्य तरुणाचे मानसिक वय सोळा आले. विसाने भागले तर बुद्धिगुणांक ८० येईल, आणि चाळिशीत तो ४० वर घसरेल! म्हणून टर्मन यांनी सोळा वर्षांपुढील सर्वांसाठी भाजक सोळाच धरला. १९३७ च्या आवृत्तीत तो पंधरा झाला. म्हणजे वाढ कुठे थांबते हा मानवी विकासाचा प्रश्न इथे एका भाजकाने मिटवला गेला, आणि तो भाजकही बदलत राहिला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १९१६ च्या श्रेणीत तीन ते दहा वर्षांपर्यंत प्रत्येक वर्षासाठी वेगळे प्रश्न होते, पण त्यानंतर थेट बारा, चौदा आणि मग प्रौढ असे गट होते. अकरा आणि तेरा वर्षांच्या खुणाच पट्टीवर नव्हत्या. कामत यांनी १९३४ मध्ये ज्या पट्टीवर काम केले ती हीच परंपरा. ज्या वयात मुले सर्वांत झपाट्याने आणि सर्वांत असमान वेगाने बदलतात, त्याच वयात पट्टीवरच्या खुणा विरळ होत्या.

पुढे डेव्हिड वेक्सलर यांनी भागाकार सोडून दिला आणि मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांच्या सरासरीशी करण्याची पद्धत रूढ केली. या 'विचलन बुद्धिगुणांकात' १०० म्हणजे त्या वयाची सरासरी. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या श्रेणीचे भारतीय रूपांतर नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात ए. जे. मॅलिन यांनी केले. ते १९६९ मध्ये आले. त्यात सहा शाब्दिक आणि पाच कृतीवर आधारित उपचाचण्या आहेत. सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचे भारतीय रूपांतरही मॅलिन यांचेच. मूल स्वतः कपडे घालते का, एकटे बाजारात जाऊन येते का, अशा गोष्टी ही श्रेणी विचारते. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे प्रज्ञावान मुलांच्या शोधातून, बुद्धीच्या अनेक घटकांच्या चाचण्यांवर काम केले.

५. जुन्या प्रमाणकांनी कोणाचे नुकसान होते?

जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात सरासरी गुण सुमारे १४ अंकांनी वाढले. पुढे इतर अनेक देशांतही अशी वाढ आढळली. शाळा, पोषण, छापील मजकुराची सवय अशी अनेक कारणे सांगितली जातात. अमेरिकेचा आकडा आपण तसाच इकडे लावू शकत नाही. पण त्यातली दिशा महत्त्वाची आहे.

समजा, एखाद्या मुलीला जुन्या प्रमाणकांवर ७६ गुण मिळाले. बौद्धिक अक्षमतेसाठी साधारणपणे ७० ची सीमा धरली जाते, म्हणून तिला प्रमाणपत्र नाकारले जाते. पण तिची तुलना झाली ती तिच्या आजी-पणजीच्या पिढीशी. आजच्या तिच्या वयाच्या मुलींशी तुलना केली तर ती कदाचित सीमेखाली असेल आणि तिला मदतीची खरी गरज असेल. जुनी पट्टी इथे गरज लपवते.

आता उलट बाजू. घरी तेलुगू किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाला कन्नडमध्ये, किंवा कर्नाटकातल्या मराठी घरातल्या मुलाला इंग्रजीत शब्दांचे अर्थ विचारले तर त्याचे गुण घसरतील. तिथे पट्टी भाषेची अडचण मोजते आणि तिला बुद्धीचे नाव देते. एकच साधन एका मुलीची गरज झाकते आणि दुसऱ्या मुलावर नको तो शिक्का मारते. म्हणूनच आज केवळ बुद्धिगुणांकावर निर्णय घेत नाहीत. दैनंदिन वर्तनाचे मापन, पालकांशी बोलणे आणि शाळेतील कामगिरी हेही पाहिले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांची वेगळी नोंद आहे. या दोहोंत गल्लत झाली तर मुलाला चुकीची मदत मिळते.

६. एका मुलाकडून हजारो मुलांकडे

चाचणी एका मुलाविषयी बोलते, तर सर्वेक्षण लोकसंख्येविषयी. बंगळूर येथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचे आणि तेथील मानसिक रुग्णालयाचे एकत्रीकरण होऊन निम्हान्स ही संस्था उभी राहिली. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्याआधी साधने आणि पद्धत तपासून पाहण्यासाठी जवळच्याच कोलार जिल्ह्यात पथदर्शी अभ्यास झाला. मुख्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले; महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के, तर ग्रामीण भागात ६.९ टक्के होते.

आता आपले तीन प्रश्न विचारा. सर्वेक्षणात ३४,८०२ प्रौढ होते आणि किशोरवयीन १,१९१. साधा यादृच्छिक नमुना धरून हिशेब केला तर ७.३ च्या दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्क्याची अनिश्चितता येते, म्हणजे खरे प्रमाण अंदाजे ५.८ ते ८.८ दरम्यान. प्रत्यक्षात गावे व वस्त्या निवडून नमुना घेतला जातो, तेव्हा ही पट्टी आणखी रुंदावते. दुसरे, या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता आणि कर्नाटकही नव्हते. मग 'महाराष्ट्रातील ७.३ टक्के मुले' असे लिहिणे योग्य ठरेल का? तिसरे, ही माहिती २०२० पूर्वीची आहे. नंतरच्या टाळेबंदीचा आणि बंद शाळांचा अनुभव तिच्यात नाही. सर्वेक्षण वाईट होते असा याचा अर्थ नाही. प्रत्येक उत्तम अभ्यासाला सीमा असतात, आणि त्या वाचणे हे वाचकाचे काम आहे.

७. होसकोटे येथे अभ्यास करायचा झाल्यास

बंगळूरहून कोलारला जाणाऱ्या महामार्गावर होसकोटे हे तालुक्याचे ठिकाण आहे. सतराव्या शतकात बंगळूर, होसकोटे, कोलार हा प्रदेश शहाजीराजांच्या जहागिरीत होता. या पट्ट्यात कन्नडबरोबर तेलुगू, तमिळ, उर्दू आणि मराठी बोलणारी कुटुंबे आहेत, आणि महानगर दरवर्षी जवळ सरकते आहे. समजा, तुम्हाला विचारायचे आहे : 'वय वाढते तशी किशोरवयीन मुलांची स्वतःविषयीची धारणा कशी बदलते?'

• आराखडा : आठवी, दहावी आणि बारावीच्या मुलांची एकाच वेळी तुलना केली तर ती *आडवा छेद* पद्धत. ती स्वस्त आणि झटपट. पण बारावीच्या मुलांनी टाळेबंदी ज्या वयात अनुभवली त्यापेक्षा वेगळ्या वयात ती आठवीच्या मुलांनी अनुभवली. दिसणारा फरक वयाचा की पिढीच्या अनुभवाचा, हे सांगता येणार नाही. त्याच मुलांना पाच वर्षे भेटत राहिलात तर ती *दीर्घकालीन* पद्धत. ती अधिक खात्रीची. पण स्थलांतर करणारी कुटुंबे मध्येच निघून जातात, आणि नेमकी तीच मुले नमुन्यातून गळतात.
• नमुना : केवळ शाळेतली मुले घेतली तर शाळा सोडलेली मुले अदृश्य होतात. सरस्वतींचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो.
• साधन : प्रश्नावलीचे भाषांतर एकाने करावे, दुसऱ्याने ते न पाहता मूळ भाषेत उलट आणावे आणि दोन्ही ताडून पाहावीत. मग मोजक्या मुलांवर पथदर्शी चाचणी घ्यावी, जशी कोलारमध्ये घेतली गेली.
• सहसंबंध आणि कारण : जास्त वेळ मोबाइल वापरणारी मुले अधिक उदास आढळली, तरी मोबाइलने उदासी आली की उदास मूल मोबाइलकडे वळले, हे एका वेळच्या पाहणीतून ठरत नाही.
• नैतिकता : पालकांची संमती हवीच, पण मुलाचा स्वतःचा होकारही हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांचा लेखी होकार घ्यावा लागतो. 'नाही' म्हणण्याचा हक्क मुलालाही आहे. उत्तरांतून एखादे मूल संकटात असल्याचे दिसले तर कोणाला कळवायचे, हे अभ्यास सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे.

८. समारोप

बिने यांनी मुलांना मदत मिळावी म्हणून साधन तयार केले. कामत यांनी ते आपल्या भाषांत आणताना दाखवून दिले की पॅरिस किंवा कॅलिफोर्नियातल्या मुलांची पट्टी मुंबई इलाख्यातल्या मुलांना तशीच लावता येत नाही. त्यांच्या कामाचा आदर करायचा तर त्यांनी केले तेच करावे लागेल : आपल्या काळातल्या मुलांसाठी पट्टी पुन्हा तपासणे. नव्वद वर्षांपूर्वीची चाचणी जशीच्या तशी वापरत राहणे सोपे आहे; पण त्या सोयीची किंमत चाचणी घेणारा देत नाही, समोर बसलेले मूल देते.

स्वाध्याय

१. १८९१, १९२९ आणि १९७८ या वर्षांतील कायद्यांचा किशोरावस्थेच्या संकल्पनेशी संबंध स्पष्ट करा.
२. बारा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय नऊ आहे. जुन्या सूत्राने बुद्धिगुणांक काढा आणि तो आकडा वापरण्यापूर्वी कोणते तीन प्रश्न विचाराल ते लिहा.
३. तुमच्या मातृभाषेत उलटे आकडे म्हणण्याचे काम मराठीपेक्षा सोपे आहे की अवघड? दोन वेगळ्या मातृभाषांच्या मित्रांबरोबर करून पाहा आणि निरीक्षण नोंदवा.
४. 'विश्वसनीय पण सप्रमाण नसलेले' साधन म्हणजे काय? वजनकाट्याव्यतिरिक्त दुसरे उदाहरण द्या.
५. तुमच्या तालुक्यातील शाळा सोडलेल्या किशोरवयीन मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी नमुना कसा निवडाल? दहा ओळींत आराखडा लिहा.